सरोवर मोठं, बोट केवढी?

23 सप्टेंबर 1967, शनिवार. मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तरेच्या अंगाला, प्लॅट बे नावाचा एक उघडा उपसागर आहे. त्या दिवशी सकाळी तिथे शेकडो छोट्या बोटी पाण्यात होत्या. आतल्या भागातल्या तळ्यांवर वापरायच्या, गाडीच्या टपावर बांधून आणलेल्या, बारा-चौदा फुटांच्या बोटीही त्यांत होत्या. हवामान खात्याने छोट्या बोटींसाठी इशारा दिलेला होता. पण पाण्याखाली कोहो सामनच्या झुंडी होत्या आणि माणसं दूरदूरच्या गावांहून त्यांच्यासाठीच आली होती. वारा चढला, लाटा उठल्या, तेव्हा सगळे एकदम किनाऱ्याकडे वळले. वाळूवर फुटणाऱ्या लाटांत बोटी आडव्या झाल्या, भरल्या, उलटल्या. सात जण मेले.

ही माणसं तिथे आली कशी, हे समजून घ्यायला हवं. समुद्रातून कालव्यांच्या वाटेने शिरलेल्या लँप्री या रक्तशोषी जीवाने सरोवरातला मूळचा लेक ट्राउट जवळजवळ संपवला होता. एलवाइफ या छोट्या, चंदेरी, परक्या माशाला खाणारं कुणी उरलं नाही, म्हणून तो बेसुमार वाढला. 1967च्या उन्हाळ्यात तो इतका मेला की शिकागोपासून वरपर्यंत किनाऱ्यांवर कुजक्या माशांचे ढीग साचले. मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे हॉवर्ड टॅनर आणि त्यांचे सहकारी वेन टोडी यांनी यावर धाडसी तोड काढली. पॅसिफिककडच्या ओरेगनहून कोहो सामनची अंडी आणवली, पिल्लं वाढवली आणि 1966च्या वसंतात प्लॅट नदीत आणि मॅनिस्टीच्या एका उपनदीत सोडली. एलवाइफ खाऊन ती दणकट झाली. पुढच्या वर्षीच्या शरदात मोठे मासे नद्यांच्या मुखाशी परतले आणि सगळ्या प्रदेशाला कोहोचं वेड लागलं. हौसेची मासेमारी हा उद्योग या सरोवरावर खऱ्या अर्थाने सुरू झाला तो इथून. त्याच्या पहिल्याच बहरात सात बळी गेले.

त्या दिवसाचा सोपा निष्कर्ष असा की बोटी फार लहान होत्या. तो खराच आहे. पण जवळ शिरायला बंदर नव्हतं, इशारा वाचूनही माणसं गेली होती, आणि मासे लागत असताना परत फिरावंसं कुणालाच वाटलं नाही, हेही तितकंच खरं. या सरोवरावर बोट घेऊ पाहणाऱ्याने या सगळ्या गोष्टी एकत्र धरायला हव्यात. दुकानात मात्र चर्चा फक्त फुटांची होते.

शिकागोच्या उपनगरांत गेल्या काही वर्षांत बोटीची चौकशी करणारे मराठी लोक मला वारंवार भेटतात. कुणी रत्नागिरी-मालवणचे, लहानपणी खाडीवर गरवायला जाणारे. कुणी पुण्यातले, मुलगा शाळेतल्या मित्राबरोबर एकदा मासे पकडून आला म्हणून या वाटेला लागलेले. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: सोळा-अठरा फुटी घ्यावी, की एकदाच काय ती पंचवीस फुटी घेऊन मोकळं व्हावं? याचं सरळ उत्तर द्यायचं म्हणून हा लेख.

हे पाणी कसं आहे

मिशिगन सरोवराला तळं म्हणणं म्हणजे स्वतःला फसवणं. उत्तर-दक्षिण लांबी 307 मैल, सर्वांत जास्त रुंदी 118 मैल, क्षेत्रफळ सुमारे 58,000 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या पंधरापट. सर्वांत खोल जागी 281 मीटर पाणी. शिकागोच्या किनाऱ्यावरून पलीकडचा काठ दिसत नाही. उत्तरेचा वारा सुटला की त्याला दक्षिण टोकाला पोचेपर्यंत अडवणारं काहीही नसतं, आणि जितकं अंतर वारा पाण्यावरून धावतो तितकी लाट वाढते.

कोकणातल्या माणसाची इथे एक गफलत होऊ शकते. अरबी समुद्र पाहिलेला असल्याने त्याला सरोवराच्या लाटेची उंची फारशी वाटत नाही. चार फूट म्हणजे काय मोठंसं! पण दोन लाटांमधलं अंतर उंचीइतकंच महत्त्वाचं असतं. समुद्रात दुरून येणारी लाट दहा सेकंदांनी एक अशी आली, तर खोल पाण्यात तिची लांबी दीडशे मीटरहून अधिक भरते. बोट तिच्यावर सावकाश चढते, सावकाश उतरते. सरोवरात वारा तिथल्या तिथे लाट उठवतो आणि ती चार सेकंदांनी एक अशी येते. मग लांबी उरते जेमतेम पंचवीस मीटर. उंची तीच, उतार मात्र उभा. बोटीची नाळ एका लाटेतून वर निघते न निघते तोच दुसरी समोर उभी असते. तीन सेकंदांची लाट तर चौदाच मीटर लांब, म्हणजे 46 फूट. अशा पाण्यात 16 फुटी बोट प्रत्येक खळग्यात आख्खी मावते.

दुसरा मुद्दा गारव्याचा. एप्रिलमध्ये शिकागोत लोक अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत फिरू लागतात, तेव्हा सरोवराचं पाणी चार-पाच अंश सेल्सिअसवर असतं. अशा पाण्यात पडल्यावर काय होतं याचा अभ्यास कॅनडातले शास्त्रज्ञ गॉर्डन गिसब्रेख्त यांनी स्वतः बर्फाळ पाण्यात उतरून केला. त्यांचा आडाखा असा: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. बहुतेक लोक गारठून मरण्याआधीच बुडून मरतात, कारण पहिल्या धक्क्यात तोंडातून पाणी आत जातं किंवा दहा मिनिटांनंतर हात काठ धरू शकत नाहीत. हा तास मिळतो तोही अंगात लाइफ जॅकेट असलं तरच.

आता गंमत अशी की छोट्या बोटीसाठी सगळ्यांत चांगला हंगाम हाच आहे. मार्च ते मे या काळात सरोवराच्या दक्षिण टोकाला कोहो किनाऱ्याजवळ, उथळ आणि किंचित ऊबदार पाण्यात येतो. दहा ते तीस फूट पाण्यात, धक्क्यापासून मैलभराच्या आत तो मिळतो. जुलैत वरचं पाणी तापलं की चिनूक सामन आपल्या आवडीचं, दहा-बारा अंशांचं पाणी शोधत खाली आणि दूर जातो. मग शंभर फुटांपुढचं पाणी आणि किनाऱ्यापासून कित्येक मैल. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात तो पुन्हा बंदरांच्या तोंडाशी येतो. म्हणजे हे शेवटचे काही आठवडे सोडले, तर लहान बोटीला मासा हाताशी असतो तेव्हा पाणी सर्वांत जीवघेणं असतं, आणि पाणी सुसह्य होतं तेव्हा मासा लहान बोटीच्या टप्प्याबाहेर गेलेला असतो. बोटीचं माप ठरवताना हे वेळापत्रक डोळ्यांसमोर हवं.

सोळा-अठरा फुटी

सरोवरकाठच्या वॉकिगनला, बोटी पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर, एप्रिलमधल्या शनिवारी उजाडायच्या आत जाऊन उभं राहिलं की छोट्या बोटीचं बळ कळतं. ॲल्युमिनियमची सतरा फुटी बोट ट्रेलरवर येते. माणूस एकटाच असतो. पार्किंगमध्येच तो पट्टे सोडतो, मागच्या फळीच्या तळाशी असलेल्या भोकात बूच पिळून घट्ट करतो आणि हाताने पुन्हा एकदा चाचपतो. मग गाडी मागे घेतो. ट्रेलरची चाकं पाण्यात बुडतात, बोट तरंगते, तो नाळेच्या दोराने तिला धक्क्याला बांधतो, गाडी लावून येतो. सगळं मिळून दहाएक मिनिटांत. त्याच वेळी शेजारच्या रॅम्पवर चोवीस फुटी बोटीभोवती तिघं जण धावपळ करत असतात, एक गाडीत, एक बोटीत, एक पाण्याच्या काठाशी हातवारे करत.

एकट्याने उतरवता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. आयटीतली नोकरी, मुलांचे क्लास, मंडळाचे कार्यक्रम यांतून मोकळी सकाळ मिळते ती अचानक, आणि तेव्हा बरोबर यायला कुणी मोकळं असेलच असं नाही. छोटी बोट घराच्या गॅरेजात किंवा बाजूला राहते, साध्या एसयूव्हीमागे ओढली जाते आणि सरोवर खवळलेलं असेल तर त्याच दिवशी वळवून आतल्या एखाद्या तळ्यावर नेता येते. इंधनही कमी. पेट्रोल इंजिनाचा ठोकताळा असा की पूर्ण वेगात ते आपल्या अश्वशक्तीच्या साधारण एक दशांश इतके गॅलन तासाला पितं. 90 एचपीला नऊ गॅलन, 300 एचपीला तीस.

पण छोट्या बोटीत माणसं किती बसतात, याबद्दल लोक स्वतःची समजूत करून घेतात. अमेरिकेत 20 फुटांखालच्या मोटरबोटीवर निर्मात्याने क्षमतेची पट्टी लावणं कायद्याने बंधनकारक आहे. ती वाचायची कशी ते एका उदाहरणाने सांगतो. विकायला काढलेल्या एका सतरा फुटी बोटीच्या स्टिअरिंगजवळच्या पट्टीवर लिहिलं होतं: पाच माणसं किंवा 700 पौंड, माणसं, मोटर आणि सामान मिळून 1,150 पौंड, कमाल 90 एचपी. पाहणाऱ्याच्या डोक्यात बसतं ते ‘पाच माणसं’. आता वजाबाकी करू. 90 एचपीची मोटर साधारण 360 पौंड. ट्रोलिंगसाठी, म्हणजे गळ मागे ओढत हळू चालण्यासाठी, आणि अडीनडीला लावलेली दहा एचपीची दुसरी मोटर शंभर पौंड. दोन बॅटऱ्या शंभर. बर्फाने भरलेली पेटी साठ. गळ खोल नेणारे दोन डाउनरिगर आणि त्यांचे शिशाचे गोळे पन्नास. उरले 480 पौंड. दीडशेहून जास्त पौंडांची तीन मोठी माणसं बसली की बोट भरली. पाच जणांचं कुटुंब आणि सामन पकडायची सगळी सामग्री या बोटीत एकत्र बसत नाही. अनेक कुटुंबांचा ‘मोठी घ्यायला हवी’ हा निष्कर्ष इथून निघतो, आणि तो चुकीचा नाही.

चोवीस-अठ्ठावीस फुटी

लांबी दीडपट झाली तर बोट दीडपट मोठी होत नाही. रुंदी आणि उंचीही त्याच प्रमाणात वाढली, तर आकारमान तिपटीहून जास्त होतं. वजन, किंमत, इंजिन, ट्रेलर, देखभाल, सगळं साधारण याच चालीने वाढतं. सोळावरून चोवीसवर जाणारा माणूस आठ फूट विकत घेतो असं समजतो, प्रत्यक्षात तो तीन बोटींचा भार उचलतो.

त्या बदल्यात मिळतं तेही भरघोस असतं. काठाची उंची वाढते, त्यामुळे डुचमळत्या बोटीत मूल रेलिंगशी उभं राहिलं तरी आईचा जीव वरखाली होत नाही. छत असतं, केबिन असते, आणि कुटुंबाच्या दृष्टीने सगळ्यांत निर्णायक म्हणजे शौचालय असतं. लहान बोटीवर बायका आणि मुली दोन तासांपेक्षा जास्त थांबायला नाखूश असतात त्याचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि घरात ते मोकळेपणी बोललं जात नाही. वसंतात गार पाण्यावर ऊबदार हवा आली की सरोवरावर दाट धुकं धरतं. तेव्हा मोठ्या बोटीवरचा रडार म्हणजे चैन नाही, या पाण्यावर मालवाहू जहाजंही फिरतात.

आणि तळ. लाट कापणाऱ्या खोल ‘व्ही’ आकाराच्या तळाचं श्रेय अमेरिकन रचनाकार रे हंट यांना जातं. त्यांच्या आराखड्यावरून डिक बर्ट्रम यांनी बांधलेल्या ‘मॉपी’ने 1960 साली मायामी-नॅसॉ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली आणि त्यानंतर वेगवान बोटींचे तळच बदलले. सपाट तळाची बोट लाटेवर आपटते, खोल व्हीची शिरते. मात्र खोल व्हीला जास्त शक्ती लागते आणि थांबलेली असताना अशी बोट जास्त डोलते, हीही त्याचीच दुसरी बाजू.

मग खर्च. साडेआठ फुटांपेक्षा रुंद बोट रस्त्याने न्यायला बहुतेक ठिकाणी परवाना लागतो, त्यामुळे ट्रेलरवरच्या मोठ्या बोटी नेमक्या त्या रुंदीवर थांबतात. पाच-सहा हजार पौंड ओढायला दणकट ट्रक हवा. ट्रक नसेल तर बंदरात स्लिप, म्हणजे बोट बांधायची जागा, भाड्याने घ्यायची, हजारो डॉलर देऊन, आणि शिकागोच्या बंदरांचा हंगाम मे ते ऑक्टोबर. म्हणजे एप्रिलचा कोहो हातचा गेला. ऑक्टोबरनंतर बोट बाहेर काढायची, इंजिनातलं पाणी काढून गोठणरोधक भरायचं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायची, वसंतात पुन्हा सगळं उलट. वर्षातले सहा महिने बोट उभी राहते आणि तिचे हप्ते चालू राहतात.

मासेमारीच्या दृष्टीनेही मोठी बोट सरसकट वरचढ नाही. सामनसाठी बोट ताशी दोन-तीन मैलांनी चालवावी लागते. मोठं इंजिन तितकं हळू चालत नाही, म्हणून बोटीच्या बाजूंनी पाण्यात कापडी पिशव्या सोडून तिला मागे धरावं लागतं. उलट वाऱ्यात मोठी बोट रेषेत राहते, छोटी भरकटते. दहा-बारा गळ एकावेळी सांभाळायचे तर मोठीच हवी. दोन माणसं आणि चार गळ यांना छोटी पुरते.

बुडण्याचा हिशेब

अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसते: बुडून मेलेल्यांपैकी, जिथे बोटीची लांबी नोंदलेली आहे तिथे, दहापैकी आठ जण 21 फुटांपेक्षा लहान बोटींत होते. हा आकडा मोठी बोट विकणाऱ्याच्या फार उपयोगी पडतो. पण देशातल्या बहुसंख्य बोटी मुळात लहानच आहेत, तेव्हा अपघातांतही त्याच जास्त दिसणार. त्याच अहवालांतला दुसरा आकडा अधिक बोलका आहे. बुडालेल्यांपैकी साधारण 85 टक्के लोकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. जॅकेट बोटीत असतं, बाकाखाली असतं. पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात ते घालता येत नाही.

अजून एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. बाहेरून इंजिन लावलेल्या, 20 फुटांखालच्या बोटीत इतका फोम भरावा लागतो की ती पाण्याने भरली तरी सपाट तरंगत राहावी, असा नियम आहे. मोठ्या बोटींना तो लागू नाही. 1958 साली बाजारात आलेली बॉस्टन व्हेलर ही तेरा फुटी बोट याच गुणावर गाजली. तिचा तळही रे हंट यांनीच आखला होता. तिचे निर्माते डिक फिशर 1961 मध्ये ‘लाइफ’ मासिकाच्या छायाचित्रात करवतीने मधोमध कापल्या जाणाऱ्या आपल्या बोटीत शांत बसून तरंगताना दिसले. तेव्हा छोटी बोट भरेल, उलटेलही, पण बहुधा तळाला जाणार नाही. तिला धरून राहणं आणि किनाऱ्याकडे पोहत न सुटणं हा या पाण्यावरचा पहिला नियम आहे.

आणि मोठेपणाची हमी सरोवर कुणालाच देत नाही. 18 नोव्हेंबर 1958 रोजी कार्ल डी. ब्रॅडली हे 639 फुटी मालवाहू जहाज याच मिशिगन सरोवरात वादळात दुभंगलं. 35 जणांपैकी दोघंच वाचले. चोवीस फूट आणि अठरा फूट यांतला फरक त्या सरोवरापुढे किती, हे लक्षात ठेवावं. मोठी बोट लाटेच्या आणखी एखाद्या फुटाची मुभा देते, आणि परतीची वाट कमी त्रासाची करते. सतरा फुटीत दोन फुटांच्या लाटेला लोक परत फिरतात, एकोणीस-वीस फुटीत तीनला, चोवीस-पंचविशीत चारच्या आसपास. त्याच्यापुढे ग्रेट लेक्सवर छोट्या बोटींसाठीचा अधिकृत इशारा लागतो आणि मग सगळ्याच हौशी बोटींनी बंदरात राहायचं असतं. मला खरी भीती वाटते ती या एका फुटाच्या मुभेची. पंचवीस फुटी घेतलेला माणूस तेवढं जास्त धाडस करतो, किनाऱ्यापासून आठ-दहा मैल आत जातो, आणि सुरक्षिततेतली सगळी वाढ अंतरात खर्च करून टाकतो.

घरातला निर्णय

शिकागोजवळच्या नेपरविलच्या एका जोडप्याबरोबर मी बोटी पाहायला गेलो होतो. नवरा बदलापूरचा, बायको सांगलीची, दोन मुलं शाळेतली. दुकानात सव्वीस फुटी बोटीच्या केबिनमध्ये उभं राहून तो म्हणाला, “घ्यायची तर एकदाच घेऊ. परत-परत कोण बदलत बसणार?”

ती बोटीवरून उतरली, ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “अहो, ही ओढायची कशाने? आपल्या गाडीने तर नाहीच.”

“ट्रक घेऊ की नंतर.”

“म्हणजे बोट एक, ट्रक दुसरा. आणि तुम्ही गावाला गेलात तर मला एकटीला ही पाण्यात घालता येणार आहे का?”

तो गप्प झाला. तिचा प्रश्न दुकानातल्या कुठल्याही माहितीपत्रकात नव्हता, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटला. बोट चालवणारा माणूस पाण्यात पडला किंवा छातीत कळ येऊन आडवा झाला, तर ती बोट दुसऱ्या कुणाला वळवता येईल का, रेडिओच्या सोळाव्या चॅनेलवर मदत मागता येईल का, बंदराच्या तोंडातून आत आणता येईल का? घरातल्या दुसऱ्या माणसाला जितकी मोठी बोट सांभाळता येते, तितकीच त्या घराची बोट मोठी असावी. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला अडकवणं, हा 26 फुटांखालच्या बोटींसाठी 1 एप्रिल 2021पासून लागू झालेला नियमही याच विचारातून आला आहे. चालक पडला की बोट थांबलीच पाहिजे.

रत्नागिरीहून येऊन वॉकिगनजवळ स्थायिक झालेले, निवृत्त झालेले एक काका रॅम्पवर नेहमी भेटतात. त्यांची बोट एकोणीस फुटी, जुनी. या जोडप्याला त्यांच्याकडे नेलं. काका त्याला म्हणाले, “अरे, आधी चार्टरवर जा. पैसे देऊन जा. पहिल्या खेपेला पोरांना बोट लागते की नाही ते कळेल. जुलैत जा, आणि एकदा थंडीतही जा.” मग तिच्याकडे वळून, “आणि सूनबाई, बोट घ्यायच्या आधी दोघांनीही सुरक्षेचा कोर्स करा. फक्त त्यानेच नव्हे.”

चार्टरचा, म्हणजे कप्तानासह भाड्याने घ्यायच्या बोटीचा, सल्ला रोकड्या व्यवहाराचा आहे. तटरक्षक दलाचा परवाना असलेला कप्तान सहा प्रवाशांपर्यंत नेऊ शकतो. त्याची बोट बहुधा तीस फुटांच्या पुढची, सामग्री त्याची, मासे कुठल्या खोलीवर आहेत याचं ज्ञान त्याचं. वर्षातून दोन-तीन वेळा जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण कुटुंबाने असं जायचं म्हटलं, तर तो खर्च मोठ्या बोटीच्या एका हंगामाच्या स्लिपभाड्यापुढे कमीच पडतो.

माझा सल्ला

मिशिगन सरोवरावर नव्याने उतरणाऱ्या कुटुंबाने अठरा ते वीस फुटांची, खोल व्ही तळाची, उंच काठाची, पूर्ण काच असलेली, ट्रेलरवरची बोट घ्यावी. सोळा फुटी घेऊ नये, कारण तिच्यात हवामान बिघडायच्या वेळेला शिल्लक काहीच राहत नाही. पंचवीस फुटीपर्यंत पोचायची घाई करू नये. मुख्य इंजिनाबरोबर दहा एचपीचं दुसरं इंजिन असावं, ते ट्रोलिंगला उपयोगी आणि मुख्य बंद पडलं तर घरी आणणारं. जुनी घेत असाल तर मागच्या फळीवर मोटर धरून हलवून पाहा. फळी हलली किंवा आतलं लाकूड भुसभुशीत लागलं, तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. फायबरची असेल तर तळ ठोकून ऐका, ट्रेलरचे ब्रेक तपासा, क्षमतेची पट्टी वाचा आणि वजाबाकी तिथेच करा.

बोट एकट्याने उतरवता येत असली तरी पाण्यावर दोन जणांनी जा, मेअखेरपर्यंत तर नक्कीच, आणि जॅकेट अंगात असू द्या. निघण्याआधी हवामान खात्याचा सरोवरासाठीचा अंदाज वाचा, मधल्या पाण्यातल्या बोयांची लाट आणि वाऱ्याची नोंद पाहा, आणि कुठल्या आकड्याला परत फिरायचं ते घरीच ठरवा. मासा लागलेला असताना ठरवायला गेलात तर ते ठरणार नाही. कोकणात परंपरेने पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्यात घालत नाहीत. तिथे दर्याची एक मुदत सगळ्या गावाने पाळलेली असते, एकट्याच्या मनावर ती सोडलेली नसते. या सरोवरावर तशी तिथी नाही, ती मुदत प्रत्येकाला दर शनिवारी स्वतः घालून घ्यावी लागते.

मोठी बोट कुणी घ्यावी? ज्यांच्याकडे दर आठवड्याला येणारी दोन-तीन जाणती माणसं आहेत, ज्यांचं घर बंदरापासून जवळ आहे, ज्यांनी एका लहान बोटीवर काही हंगाम काढले आहेत आणि जुलैतला खोल पाण्यातला चिनूक हीच ज्यांची खरी ओढ आहे, त्यांनी जरूर घ्यावी. त्यांच्यासाठी ती उधळपट्टी नाही. बाकीच्यांच्या स्लिपमध्ये मात्र मोठ्या बोटी हंगामभर जागच्या जागी दिसतात, कारण त्या पाण्यात न्यायला माणसं, वेळ आणि धीर तिन्ही एकाच सकाळी जमत नाहीत.

आणखी एक कारण आहे, आणि त्याचा विचार फारसा कुणी करत नाही. या सरोवरातला मासा कायमचा नाही. टॅनर यांनी घडवलेली ही मासेमारी एलवाइफवर उभी आहे, आणि एलवाइफ खुद्द धोक्यात आहे. काळ्या समुद्राच्या परिसरातून आलेल्या क्वागा शिंपल्यांनी पाण्यातलं सूक्ष्म अन्न गाळून घेतलं. शेजारच्या ह्यूरन सरोवरात 2004च्या सुमाराला एलवाइफ कोसळला, त्याच्यामागे चिनूक गेला, आणि सामनवर जगणारी तिथली बंदरांची गावं ओस पडली. मिशिगन सरोवरात तशी वेळ येऊ नये म्हणून 2013 मध्ये सोडायच्या चिनूकच्या पिल्लांची संख्या जवळपास निम्म्याने कमी केली. 1990च्या दशकात पिवळ्या पर्चचं पीक असंच आटलं होतं. बोट वीस वर्षं टिकते, मासा कदाचित टिकणार नाही. स्लिपमध्ये अडकलेली सव्वीस फुटी एकाच सरोवराशी आणि एकाच माशाशी बांधलेली असते. ट्रेलरवरची एकोणीस फुटी मासा जिथे असेल तिथे जाते: ईरी सरोवरावर वॉलायसाठी, विस्कॉन्सिनच्या तळ्यांवर बाससाठी, आणि एप्रिल आला की परत वॉकिगनला कोहोसाठी. म्हणून आज विचाराल तर, नेपरविलच्या त्या जोडप्यासाठी आणि त्यांच्यासारख्या कुठल्याही घरासाठी, माझं मत एकोणीस फुटीच्या बाजूने आहे.